शब्द अल्याड, आवाज पल्याड

मथुराबाई ‘लांब’ म्हणायची तेव्हा तो शब्दच लांब व्हायचा. एवढी साधी गोष्ट कळायला मला एक अख्खी सकाळ आणि चपलांचा एक जोड खर्ची घालावा लागला.

१९८१ च्या जूनमध्ये मी राजापूर तालुक्यातल्या वाघखोलला मास्तर म्हणून रुजू झालो. मी कराडकडचा. आमच्याकडे माणूस सरळ बोलतो. रागावला तर मोठ्याने, खूश झाला तर त्याहून मोठ्याने. इथे सगळे हेल काढून बोलत, आणि कोण भांडतंय नि कोण जेवायला बोलावतंय हे मला पहिले सहा महिने उमगलं नाही. एकदा दोन भाऊ हातघाईवर आलेत असं समजून मी मध्ये पडलो, तर नव्या गुरुजींना आधी कोणी जेवायला घालायचं यावर त्यांचं चाललं होतं. दोघांनीही घातलं. मला पचायला दोन दिवस लागले.

शाळा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर होती. राजापूरहून एसटी तिथवर यायची आणि वळायची. शाळेच्या पडवीत गावचं पोस्ट होतं आणि त्याचा कारभार माझ्याच गळ्यात होता. शाळेशेजारी एकच घर, मथुराबाईचं. पोरं आसपासच्या गावांच्या वाड्यांवरूनही चालत येत. बाकी गाव दरीपलीकडे. त्याला सगळे पल्याडवाडी म्हणत. मध्ये पऱ्ह्या, म्हणजे डोंगरातला ओढा, वाहायचा. उन्हाळ्यात त्यावर लाकडांचा साकव बांधत आणि पावसाळ्यात तो दरसाल वाहून जाई. मग पल्याड जायचं तर वळसा घालून दोन तासांची चाल.

आल्या आल्या मला मुलांची नावं नोंदवायला त्यांतल्याच एका वाडीला, बागवाडीला जायचं होतं. मी मथुराबाईला रस्ता विचारला.

“ही काय, तिकडंऽऽऽ जावा,” ती म्हणाली.

मी तिच्या बोटाकडे पाहिलं आणि अर्ध्या तासात येतो म्हणून निघालो. बागवाडीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती, आणि एका चपलेचा अंगठा तुटला होता, ती मी हातात धरली होती. दुसऱ्या दिवशी मी तिला फैलावर घेतलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की वेडा मीच असावा.

“मी सांगितलं होतं की तुमाला. तिकडंऽऽऽ म्हटलं. आनखी कसं सांगू?”

पुढे लक्ष देऊन ऐकायला लागलो तेव्हा दिसलं, की ही बाई शब्द उच्चारत नाही, करून दाखवते. ‘जवळ’ म्हणताना काटकी मोडावी तसा तोडायची. ‘वर’ म्हणताना आवाज माडाच्या शेंड्याला. ‘खोल’ म्हटलं की पोटातून यायचा. ‘सावकाश जावा’ इतकं सावकाश म्हणायची की तेवढ्यात एसटी निघून जावी. मी विचारलं, हे मुद्दाम करता का? तिला प्रश्नच कळला नाही. “शब्द तसा हाय, त्याला मी काय करू?” एवढंच म्हणाली.

तर या बाईकडे गावाने एक काम सोपवलं होतं. पावसाळ्यात पल्याडची पत्रं आली की मी घाईचं असेल ते तिला वाचून दाखवायचं, आणि तिने दरीच्या कडेला उभं राहून हाळी द्यायची. हा आधीच्या मास्तरापासूनचा रिवाज. मी चिडलो. दुसऱ्याचं पत्र असं उभ्या दरीला ऐकवायचं? पल्याडवाडीने मला समजावलं, गुरुजी, आमचं काय लपवायचं आहे? आणि लपवायचं असलं तरी ते मथुराला आधीच ठाऊक असतं. गावाने एका कागदावर अंगठे उठवून दिले. मग मीही पत्रं वाचून दाखवायला लागलो.

माझी खरी पंचाईत वेगळीच होती. दरी एवढी रुंद की शब्द पल्याड पोचणं शक्यच नव्हतं. मग ही माणसं ऐकत काय होती? एका रविवारी वळसा घालून मी पल्याड गेलो आणि तिथल्या येसूबाईच्या खळ्यात जाऊन बसलो. ठरल्या वेळी मथुराबाईने हाळी दिली. मला एकही अक्षर कळलं नाही. लांबून कोणी तरी गातंय एवढंच.

येसूबाई भात पाखडता पाखडता म्हणाली, “महिपतची म्हस याली. पारडी झाली.”

“पारडी झाली हेसुद्धा कळलं?”

“रेडा झाला असता तं आवाज निम्म्यावरनं फिरला असता,” ती म्हणाली. “ह्यो वर गेला तो वरच ऱ्हायला.”

मी परत येऊन खात्री केली. पारडीच होती. त्या दिवसापासून मी माझ्या बी. ए. ला जरा बिचकून असतो.

आता राहीबद्दल सांगायला हवं. मथुराबाईला मूल नव्हतं, नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. तिची धाकटी बहीण गोदा पल्याडवाडीत दिली होती, येसूबाईच्या मुलाला, काशीरामला. गोदा बाळंतपणात गेली आणि मागे राहिली राही. काशीराम मुंबईला. येसूबाईच्या अंगावर शेत आणि गुरं. तेव्हा मथुराबाईनेच ते तान्हं पोर पदरात घेतलं आणि सड्यावर आणलं. राही आठ वर्षांची झाली, माझ्याकडे तिसरीत होती. हुशार पोर. मथुराबाईच्या ‘ये’ मध्ये जेवायला ये, मार खायला ये आणि नुसतीच जवळ ये, असे तीन ‘ये’ होते आणि राही कधी चुकली नाही. मी रोज ऐकून चुकत होतो.

१९८३ च्या जुलैत, एका मंगळवारी, काशीरामचं पत्र आलं. त्याने वर्षापूर्वी दुसरं लग्न केलं होतं, बायकोचं नाव विमला. आता विक्रोळीला खोली मिळाली होती, खोलीजवळ दहावीपर्यंतची शाळा होती. शुक्रवारी येतो आणि राहीला कायमची घेऊन जातो. आईला तेवढं कळवा.

मी पत्र वाचलं. मथुराबाईने ऐकून घेतलं. “बरं झालं,” ती म्हणाली, “पोरीचं कल्यान झालं.” मलाही बरं वाटलं, कारण आमची शाळा चौथीला संपत होती आणि ‘पोरगी पुढे शिकली पाहिजे’ हे टुमणं मीच तिच्यामागे लावलं होतं.

ती कडेला गेली, कानावर हात ठेवला आणि हाळी दिली. मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. शब्द न् शब्द ऐकला. “येसूआत्येऽऽ, काशीराम येतोय, शुक्रवारी येतोय, राहीला मुंबयला नेतोय, शाळंत घालतोय.” एक शब्द चुकला नाही की अडखळला नाही. डोळ्यांत पाणी नव्हतं. वर्गातून पोरांचे पाढे चालू होते ते मात्र थांबले. मी आत जाऊन ओरडलो तेव्हा पुन्हा सुरू झाले. राही म्हणत नव्हती. तिलाही मी ओरडलो.

दोन तासांनी इरली पांघरलेली तीस-पस्तीस माणसं सड्यावर आली. ऐन लावणीचे दिवस, गुडघ्यापर्यंत चिखल, कोणाकोणाच्या हातात रोपांच्या मुठी तशाच. पुढे येसूबाई. तिला दोघींनी धरलं होतं. ती शाळेच्या पायरीवर कोसळली आणि म्हणाली, “गुरुजी, कागद दाखवा. माजा काशी कसा गेला?”

मला काही कळेना. मी म्हटलं, काशीराम खुशाल आहे, शुक्रवारी येतोय. कोणी ऐकेना. मी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग सगळे हळूहळू मथुराबाईकडे वळले.

“मंग अशी हाळी कशाला दिलंस गो?” येसूबाई म्हणाली. “प्रत्येक शबुद खाली, खाली. मानूस गेल्याशिवाय अशी हाळी देत नाय कोन.”

“मी नीट सांगितलं, आत्ये. गुरुजींना इचार.”

मी साक्ष दिली. शब्द बरोबर होते, रडणं नव्हतं. चार हातांवर उभा होतो. पस्तीस माणसांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मी आजही शपथेवर सांगेन की मला काही ऐकू आलं नाही. जवळ उभा असलेल्या मला फक्त शब्द ऐकू आले आणि ज्यांना शब्द पोचलेच नाहीत त्यांना बाकीचं सगळं. याचा अर्थ काय लावायचा?

येसूबाई दोन तास मेलेल्या मुलाची आई होऊन चिखलातून चालत आली होती. मला वाटलं, आता ही मथुराला चार शिव्या तरी देईल. तिने पदराने तोंड पुसलं, बराच वेळ मथुराबाईकडे बघितलं आणि म्हणाली, “शुक्रवारी काशीला सांगते मी. पोर हतंच ठेव म्हनते. माजा ऐकंल तो.”

माणसं गेली. मला वाटलं प्रश्न मिटला. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मथुराबाई पडवीत येऊन उभी राहिली.

“गुरुजी, तुमी पोरांना कविता शिकवतास. हतं आवाज वर न्या, हतं खाली घ्या. मना शिकवा.”

“काय शिकवू?”

“‘ने’ म्हनाया. काशीराम इचारील, पोर नेऊ काय? मी ‘ने’ म्हनेन आनि आवाज ‘ठेव’ म्हनून सांगंल. मंग तो नेयाचा नाय. माज्या आवाजापायी पोर चौथीत ऱ्हायाला नको.”

त्या वेळी मला हे फार शहाणपणाचं वाटलं. खरं सांगायचं तर मला थोडा गर्वही झाला. दोन वर्षांत या बाईने मला रोज अडाणी ठरवलं होतं. आता मी तिला शिकवणार होतो. बुधवार आणि गुरुवार, शाळा सुटल्यावर, आम्ही एक अक्षर घोकलं. ‘ने.’ मी फळ्यावर वर जाणारी रेघ काढली. ती रेघेकडे बघून म्हणायची आणि आवाज खाली यायचा. मी पट्टी आपटली. ओरडलो. ती मुकाट्याने पुन्हा म्हणायची, पुन्हा खाली. शेवटी मला एक युक्ती सुचली आणि सुचली नसती तर बरं झालं असतं.

“राहीचा विचारच करू नका,” मी म्हटलं. “महिपतच्या म्हशीला पारडी झाली होती ना, ती आठवा. आणि मग म्हणा.”

तिने डोळे मिटले. “ने,” ती म्हणाली. आवाज वर गेला आणि वरच राहिला. माझ्यासारख्याला सुद्धा कळलं. मी टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी काशीराम एसटीतून उतरला. येसूबाई पहाटेच निघून वळसा घालून आली होती. तिने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो चांगला माणूस. मथुराबाईसमोर आला, डोकीवरची टोपी काढली आणि म्हणाला, “आक्का, आठ वर्सं तू केलंस. आवस सांगते तुजं मन नाय. तू नको म्हन, मी असाच परत जातो. बोल, नेऊ?”

राही पायरीवर बसली होती. नवा फ्रॉक घातला होता, विमलाने पाठवलेला.

“ने रे बाबा,” मथुराबाई म्हणाली. “ने!”

काय आवाज होता! स्वच्छ, उंच, आनंदाने भरलेला. काशीरामचं तोंड उजळलं. येसूबाई चमकली, तिने सुनेच्या बहिणीकडे निरखून पाहिलं. तिचाही गोंधळ झाला असावा. मी मनात म्हटलं, शाबास.

राही उठली. मावशीकडे एकदा बघितलं. तिने हट्ट केला नाही, रडली नाही, पायाही पडली नाही. पत्र्याची पेटी स्वतः उचलली, एसटीत जाऊन बसली, आणि बसली ती पलीकडच्या खिडकीशी. गाडी वळेपर्यंत मथुराबाई हात वर करून उभी होती. मुलं प्रवासाच्या नादात असं करतात, मी तिला म्हटलं.

त्यानंतर तिच्या हाळीत काय बिघडलं मला सांगता येणार नाही. मला ती पूर्वीसारखीच ऐकू यायची. पण पल्याडवाडी गोंधळायला लागली. हाळी गेली की तासा-दोन तासांनी एखादा गडी वळसा घालून यायचा आणि मला विचारायचा, “गुरुजी, बरी बातमी हाय की वायट? मथुराचं काय कळंना झालाय.” येसूबाई तर एकदा सरळ म्हणाली, “तुमी काय केलात गुरुजी तिला?” खरं म्हणजे तेव्हा मला वाटतही नव्हतं की मी काही केलंय.

सप्टेंबरच्या शेवटी राहीचं पत्र आलं. माझ्या नावाचं, मी शिकवलेल्या वळणदार अक्षरात. ‘ती. गुरुजींना साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. नवी आई मला मारत नाही. शाळेत माझा चौथा नंबर आला. एक विचारायचे आहे. मंगळवारी मावशीने हाळी दिली तेव्हा तिला वाईट वाटले होते. शुक्रवारी तिला आनंद झाला. मधल्या दोन दिवसांत मी काय चूक केली ते मावशीला विचारून कळवावे.’

मी ते पडवीत बसून चारदा वाचलं. मग पाचव्यांदा मथुराबाईला वाचून दाखवलं. मोठी लाज वाटत होती.

ती म्हणाली, “परत वाचा.” मी वाचलं.

“रडत इचारतेय, की रागानं?”

“पत्रात ते कळत नाही, मथुराबाई.”

“मंग कागद काय कामाचा?”

तिने उत्तर लिहायला सांगितलं. ‘तुझी काही चूक नाही. मला आनंद झाला नव्हता. मी खोटं बोलले.’ मी लिहिलं, वर माझंही एक वाक्य घातलं, की खोटं बोलायला मी शिकवलं. वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

“ह्ये नको. शुक्रवारी पन शबुद चांगलेच होते माजे. शबदावर ती आता इस्वास ठेवायची नाय. हाळी लिवा.”

“हाळी कशी लिहिणार?”

ती उठून कडेला गेली. या खेपेला पल्याडवाडीकडे तोंड केलं नाही, एसटी जाते त्या रस्त्याकडे केलं. आणि तिने एकच शब्द उच्चारला. ‘राहीऽऽ’. पुस्तकात धड्यामध्ये कोणी लांब हाक मारली की अक्षरापुढे ती इंग्रजी एससारखी खूण छापतात ना, ती मी आंतरदेशीय पत्रावर काढायला लागलो. ती आवाज धरून होती तोवर मी काढत होतो. वर गेला तेव्हा ओळ वर नेली. खाली आला तशी ओळ खाली उतरली. वाकड्या ओळीसाठी पोरांच्या हातावर छड्या मारणारा मी, अख्खा कागद वाकडा लिहून भरवला. दम संपला तिथे थांबलो. ती येऊन शेजारी बसली आणि त्या खुणांवरून तिने बोट फिरवलं. मध्येच एका ठिकाणी थांबली.

“हां,” म्हणाली. “हतं माजा आवाज फुटला. बराबर लिवलात.”

खरं तर तिथे माझा टाक अडला होता. पण मी ते सांगितलं नाही. पाकिटाची गरज नव्हती, आंतरदेशीयच होतं; पत्ता घातला, चिकटवलं, शिक्का मारला आणि पिशवीत टाकलं. त्या रात्री मला माझाच संशय आला, की घाटावरचा हा शहाणा माणूस कोकणात येऊन बिघडला.

पंधरा दिवसांनी काशीरामचं उत्तर आलं. ‘गुरुजींस नमस्कार. आपले पत्र मिळाले. त्यात राहीचे नाव आणि पुढे नुसत्या खुणा आहेत. आपली प्रकृती बरी आहे ना? मला त्यातले काही समजले नाही. राहीला समजले. तिने ते मोठ्याने वाचून दाखवले. विमला चुलीवरचे तसेच टाकून बाहेर आली. मग पोर खूप रडली आणि मग पोटभर जेवली. ती इथे आल्यापासून पोटभर जेवत नव्हती हे आम्हाला त्या दिवशी कळले. दिवाळीच्या सुट्टीत तिला आणतो. परत यायचे की नाही ते या वेळी आक्काला विचारणार नाही. राहीला विचारीन.’

मी वाचून संपवलं. मथुराबाई रडायला लागली, चांगली मोठ्याने, शाळेची पोरं दारात येऊन उभी राहिली इतकी मोठ्याने. ते आनंदाचं होतं की दुःखाचं, मला कळलं नाही. या वेळी मी कोणाला विचारलंही नाही.